दोन पाकळ्यांची झडप, रुंदावलेली महाधमनी आणि शस्त्रक्रियेची वेळ

तुमच्या वडिलांचे वय ५८ वर्षे आहे. त्यांची महाधमनी झडप जन्मतः दोन पाकळ्यांची असून ती फार अरुंद झाली आहे आणि झडपेच्या लगेच वर असलेली महाधमनी, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य धमनी, ४.९ सेंटीमीटरपर्यंत रुंदावली आहे, असे इको तपासणीत (हृदयाच्या सोनोग्राफीत) आढळले. झडपेचे क्षेत्रफळ ०.८ चौरस सेंटीमीटर, झडपेच्या दोन बाजूंमधील दाबाचा सरासरी फरक पाऱ्याचे ४६ मिलिमीटर आणि हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची पंपक्षमता ६० टक्के, असे आकडे तुम्ही दिले आहेत. वडील आपल्याला काहीही त्रास नाही असे सांगतात, म्हणून एका डॉक्टरांनी त्रास सुरू होईपर्यंत थांबण्यास सांगितले, दुसऱ्यांनी झडप आणि महाधमनीचा फुगलेला भाग दोन्ही बदलावे असे सुचवले, तर नातेवाइकांचा आग्रह छाती न उघडता जांघेतून झडप बसवण्याचा आहे. यांपैकी काय करावे, आहे तीच झडप दुरुस्त होणार नाही का आणि बदलायचीच झाली तर कोणती निवडावी, हे तुमचे प्रश्न आहेत.

माझे मत आधीच सांगतो. हे आकडे बरोबर असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. रात्रीतून निर्णय घेण्याजोगी आणीबाणी येथे नाही. मात्र आवश्यक तपासण्या पूर्ण करून येत्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया व्हावी, ती वर्षभर लांबवू नये. प्रत्यक्ष रुग्ण आणि त्याची चित्रे पाहिल्याशिवाय अंतिम निर्णय कोणीच देऊ शकत नाही, म्हणून पुढचे विवेचन तुमच्या शल्यविशारदांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने वाचावे.

वडिलांना दोन वेगळे आजार झालेले नाहीत, हे प्रथम लक्षात घ्यावे. महाधमनी झडपेला सामान्यतः तीन पाकळ्या असतात. साधारण १ ते २ टक्के लोकांत त्या जन्मतः दोनच असतात. अशा झडपेवर प्रत्येक ठोक्याला पडणारा ताण असमान असतो, त्यामुळे तिच्यावर कॅल्शियमचे थर इतरांपेक्षा एक-दोन दशके आधीच साचू लागतात. याच लोकांपैकी अनेकांत महाधमनीची भिंतही जन्मतः थोडी दुबळी असते, शिवाय अरुंद झडपेतून तिरका निघणारा रक्ताचा झोत भिंतीच्या एकाच बाजूवर आदळत राहतो. झडप आणि महाधमनी यांचा विचार एकत्र करावा लागतो तो यासाठी, आणि नातेवाइकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तरही यातच आहे.

आता ‘काहीही त्रास नाही’ या विधानाकडे वळू. निरोगी महाधमनी झडपेचे क्षेत्रफळ ३ ते ४ चौरस सेंटीमीटर असते. ते १ चौरस सेंटीमीटरच्या खाली गेले, दाबाचा सरासरी फरक ४० मिलिमीटरच्या वर गेला किंवा झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरपेक्षा अधिक झाला, म्हणजे अरुंदपणा तीव्र मानतात. हा अरुंदपणा वर्षानुवर्षे हळूहळू वाढत असल्यामुळे डावा कप्पा आपली भिंत जाड करून वाढीव दाब पेलत राहतो आणि माणसाला बराच काळ काही जाणवत नाही. मग ही सहनशक्ती संपते. श्रमानंतर धाप लागणे, छातीत दडपण येणे किंवा घेरी येऊन पडणे यांपैकी एखादे लक्षण दिसू लागते आणि तेथून रोगाचा वेग बदलतो. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी मांडलेले निरीक्षण आजही हृदयरोगाच्या शिक्षणात सांगितले जाते: शस्त्रक्रिया न झाल्यास छातीत दुखू लागल्यानंतर सरासरी आयुष्य सुमारे ५ वर्षे, बेशुद्धीच्या झटक्यानंतर ३ वर्षे आणि हृदय निकामी होऊ लागल्यानंतर केवळ २ वर्षे उरते. या अरुंदपणावर आजवर एकही औषध परिणामकारक ठरलेले नाही. गोळ्यांनी रक्तदाब आणि अंगावरची सूज आटोक्यात राहते. झडप मात्र अरुंदच राहते.

तुमच्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा वाचले. वडील पूर्वी रोज तासभर झपाझप चालत, आता वीस मिनिटांत परततात आणि वर्षभरापासून जिन्याऐवजी लिफ्ट वापरतात. ते याला वयाचा परिणाम समजतात, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते हेच लक्षण आहे. असे रुग्ण ‘त्रास नाही’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगतात, कारण ज्या श्रमाने त्रास होईल तो श्रम त्यांनी नकळत सोडून दिलेला असतो. म्हणून मी रुग्णाला ‘धाप लागते का’ असे विचारून थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी काय करत होता आणि आज काय करत नाही, हे विचारतो, आणि तेही शक्यतो पत्नी किंवा मुलांच्या उपस्थितीत. एवढे करूनही शंका राहिली तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी करता येते. श्रम करताना रक्तदाब वाढण्याऐवजी घसरला किंवा धाप लागली, तर रुग्णाला लक्षणे आहेत असेच धरले जाते. मात्र ज्याला उघड लक्षणे आहेत त्याच्यासाठी ही चाचणी धोकादायक आहे. त्याला ट्रेडमिलवर उभे करू नये.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितले ते निराधार होते असे मी म्हणणार नाही. लक्षणे नसतील आणि पंपक्षमता चांगली असेल तर बारकाईने लक्ष ठेवून थांबावे, ही अनेक वर्षे प्रस्थापित पद्धत होती. अलीकडे हा समतोल बदलतो आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या रिकव्हरी या कोरियातील चाचणीत अतितीव्र अरुंदपणा असलेल्या पण लक्षणे नसलेल्या १४५ रुग्णांपैकी काहींची शस्त्रक्रिया लगेच केली गेली आणि उरलेल्यांवर नुसते लक्ष ठेवले गेले. शस्त्रक्रियेशी किंवा हृदयविकाराशी निगडित मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात १ टक्का, तर दुसऱ्या गटात १५ टक्के आढळले. त्या रुग्णांचा अरुंदपणा तुमच्या वडिलांपेक्षा अधिक होता, त्यामुळे ते आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु थांबण्यालाही किंमत असते आणि पंपक्षमता ५० टक्क्यांच्या खाली घसरल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हृदय पूर्ववत होईलच याची शाश्वती राहत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

महाधमनीचा विचार केल्यावर माझे मत आणखी पक्के होते. या नळीच्या भिंतीवरचा ताण व्यासाबरोबर वाढतो आणि भिंत जितकी पातळ होते तितका तो आणखी वाढतो. केवळ महाधमनीसाठी शस्त्रक्रिया करायची असती तर दोन पाकळ्यांच्या झडपेच्या रुग्णांत ५.५ सेंटीमीटर ही मर्यादा मानली असती; घराण्यात महाधमनी फाटण्याचा इतिहास असेल, व्यास झपाट्याने वाढत असेल किंवा महाधमनीचा जन्मजात आकुंचित भाग असेल तर ती ५ सेंटीमीटरपर्यंत खाली आली असती. त्या हिशेबाने ४.९ हा आकडा थांबण्याजोगा दिसतो. पण झडपेसाठी छाती उघडली जाणारच असेल तर ४.५ सेंटीमीटरपासून पुढची महाधमनी त्याच वेळी बदलणे योग्य ठरते. ती तशीच ठेवली आणि काही वर्षांनी फुगली, तर आधीच्या शस्त्रक्रियेने चिकटलेल्या छातीत पुन्हा शिरावे लागते आणि तो धोका पहिल्या वेळेपेक्षा निश्चितच मोठा असतो.

एक दक्षता येथेच नोंदवतो. इकोमध्ये मोजलेला व्यास अंतिम समजू नये. हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेली सीटी अँजिओग्राफी करून, महाधमनीच्या वळणाला काटकोनात छेद घेऊन मोजलेला आकडाच निर्णयासाठी वापरावा. तिरक्या छेदात व्यास दोन-चार मिलिमीटरने सहज अधिक दिसतो आणि येथे तेवढ्याने निर्णय फिरू शकतो. शस्त्रक्रिया होईपर्यंत रक्तदाब काटेकोर नियंत्रणात हवा, धूम्रपान पूर्ण बंद हवे आणि श्वास रोखून जड वजन उचलणे टाळायला हवे. या काळात छातीत किंवा पाठीत अचानक, पहिल्या क्षणापासूनच कमाल तीव्रतेची, फाडल्यासारखी वेदना झाली तर ती अपचनाची किंवा स्नायूंची समजून घरी थांबू नका. महाधमनीचे आतील अस्तर फाटून रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरल्याचे ते लक्षण असू शकते. हृदयातून वर जाणाऱ्या, म्हणजे चढत्या महाधमनीत असे घडल्यास उपचारांविना पहिल्या ४८ तासांत दर तासाला मृत्यूची शक्यता साधारण १ ते २ टक्क्यांनी वाढत जाते. रुग्णालयात पोहोचताच ‘महाधमनी रुंदावलेली आहे’ हे प्रथम सांगा, कारण हृदयविकाराचा झटका समजून गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन दिले गेले तर ते प्राणघातक ठरू शकते.

जांघेतून झडप बसवण्याची पद्धत २००२ साली फ्रान्समधील रुआं येथे अलां क्रिबिये यांनी प्रथम वापरली आणि तिने वयोवृद्ध रुग्णांचे भवितव्य खरोखर बदलले. ऐंशीच्या पुढच्या किंवा फुप्फुसे, मूत्रपिंडे दुबळी असलेल्या रुग्णाला मी स्वतः तिचीच शिफारस करतो. तुमच्या वडिलांसाठी मात्र ती मला योग्य वाटत नाही. पहिले आणि निर्णायक कारण असे, की तिने रुंदावलेल्या महाधमनीचे काहीच होत नाही. दुसरे असे, की कमी धोक्याच्या रुग्णांवर झालेल्या ज्या मोठ्या चाचण्यांचा आधार दिला जातो त्यांतील रुग्णांचे सरासरी वय सत्तरीच्या पुढे होते आणि दोन पाकळ्यांच्या झडपा त्यांतून वगळल्या होत्या. अशा झडपेचे तोंड लंबवर्तुळाकार आणि कॅल्शियमने ओबडधोबड असल्याने नवी झडप सर्व बाजूंनी नीट टेकत नाही, कडेने रक्त गळू शकते, आणि पेसमेकर लागण्याची शक्यताही उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा सामान्यतः अधिक असते. तिसरे कारण टिकाऊपणाचे. ५८ वर्षांच्या माणसापुढे अजून दोन-तीन दशके असतात.

मग महाधमनीत आतूनच स्टेंट ग्राफ्ट (जाळीचा आधार दिलेली कापडी नळी) का बसवत नाहीत, असे तुम्ही विचाराल. पोटातील महाधमनीच्या फुगवट्यासाठी ही पद्धत १९९० साली ब्वेनोस आइरेस येथे पारोदी यांनी सुरू केली. पोटातील आणि छातीतील उतरत्या भागासाठी ती आता नित्याची आहे. चढत्या महाधमनीची रचना निराळी आहे. तिच्या मुळाशी हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या फुटतात, वरच्या टोकाला मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या निघतात, मधला भाग आखूड आणि वळणाचा असतो आणि तो प्रत्येक ठोक्याला हलतो. तेथे डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी टाक्यांनी शिवणे हाच आजही भरवशाचा उपाय आहे.

झडप दुरुस्तीचा प्रश्न रास्त आहे, कारण मिट्रल झडपेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेची, दुरुस्ती झाल्याचे तुम्ही ऐकले असेल. मिट्रल झडप झिजून गळत असेल, तिचा दोरा तुटला असेल, तर शक्यतो दुरुस्तीच करावी, कारण त्यात रुग्णाची स्वतःची झडप राहते आणि हृदयाची पंपक्षमताही अधिक चांगली टिकते. संधिवाती तापाने मिट्रल झडप अरुंद झाली असेल आणि पाकळ्या लवचिक असतील तर फुग्याने ती उघडता येते. मात्र डाव्या कर्णिकेत (वरच्या डाव्या कप्प्यात) गुठळी नाही आणि झडप फारशी गळत नाही, याची आधी खात्री करावी लागते. महाधमनी झडपेवर कॅल्शियमचे दगडी थर साचल्यावर यांतले काहीच चालत नाही. फुग्याने ती ताणली तरी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते. तुमच्या वडिलांची झडप बदलावीच लागेल.

शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उघडून रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर घेतात, पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय थांबवतात, जुनी झडप आणि तिच्या कड्यावरचे कॅल्शियम काढून नवी झडप शिवतात आणि फुगलेल्या महाधमनीच्या जागी नळी जोडतात. महाधमनीचे मूळ रुंदावलेले नसेल तर झडप आणि नळी वेगवेगळी बसवता येते. मूळही फुगलेले असेल तर झडप आधीच जोडलेली नळी बसवून हृदयाच्या धमन्या तिच्यात पुन्हा रोवाव्या लागतात. बेंटॉल यांनी १९६८ साली वर्णिलेली ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रुंदी महाधमनीच्या वरच्या वळणापर्यंत, म्हणजे कमानीपर्यंत पोहोचली असेल तर शरीर थंड करून रक्ताभिसरण थोडा वेळ पूर्ण थांबवावे लागते आणि त्या अवधीत मेंदूला स्वतंत्रपणे रक्त दिले जाते. यांपैकी काय लागणार हे सीटीवरून बहुतांशी आधीच कळते, म्हणून ते शल्यविशारदांना नेमके विचारून घ्या. अन्य आजार नसलेल्या रुग्णाची केवळ महाधमनी झडप बदलताना अनुभवी केंद्रांत मृत्यूचा धोका साधारण १ ते २ टक्के असतो. महाधमनीची जोड दिल्यावर तो काहीसा वाढतो. पक्षाघात, रक्तस्राव झाल्यामुळे छाती पुन्हा उघडावी लागणे आणि पेसमेकरची गरज, हे धोके कमी प्रमाणात पण खरे आहेत. पहिल्या आठवड्यात हृदयाचे ठोके अनियमित होणे मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांत घडते आणि बहुतेकदा औषधांनी आटोक्यात येते.

झडपेची निवड हा या साऱ्यातला सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याची चर्चा शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी उरकली जाते तेव्हा मला वाईट वाटते. १९६० साली आल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यातील चेंडूची कृत्रिम झडप बसवली तेव्हापासून यांत्रिक झडपांत पुष्कळ सुधारणा झाल्या. आज वापरात असलेल्या दोन अर्धगोल चकत्यांच्या कार्बनच्या झडपा बहुतेकदा आयुष्यभर टिकतात. मात्र त्यांच्यावर गुठळी बसू नये म्हणून रक्त गोठणे कमी करणारी वॉरफरिन किंवा त्याच गटातील गोळी कायम घ्यावी लागते आणि आयएनआर ही रक्तचाचणी नियमित करून, महाधमनीच्या जागी असलेल्या झडपेसाठी, ती साधारण २ ते ३ यांदरम्यान राखावी लागते. आयएनआर कमी झाला तर गुठळीचा आणि वाढला तर रक्तस्रावाचा धोका असतो. ज्या नव्या गोळ्यांना ही चाचणी लागत नाही त्या यांत्रिक झडपेच्या रुग्णांनी घेऊ नयेत. त्यांपैकी डॅबिगाट्रान या गोळीची अशा रुग्णांतील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. पालेभाज्या बंद कराव्यात असेही अनेकांना सांगितले जाते. त्याची गरज नाही. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवले म्हणजे गोळीची मात्रा त्यानुसार बसते.

गाय-बैलांच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवलेल्या जैविक झडपेला ही गोळी कायमची लागत नाही, पण ती झिजते. साठीच्या आसपास बसवलेली झडप सामान्यतः १० ते १५ वर्षे, काहींत त्याहून अधिक टिकते. वय जितके कमी तितकी ती लवकर खराब होते. महाधमनीच्या जागी पन्नाशीच्या आत यांत्रिक आणि पासष्टीनंतर जैविक झडप, याविषयी बरीच सहमती आहे. मधल्या पंधरा वर्षांत निर्णय रुग्णाच्या आयुष्यावर ठरतो. वडील चाचण्या नियमित करतील का, गोळी चुकवण्याची सवय आहे का, पोटात व्रण किंवा पूर्वी रक्तस्राव झाला आहे का, कामात इजा होण्याची शक्यता आहे का, आणि सत्तरीनंतर दुसऱ्या उपचाराला सामोरे जाण्याची त्यांची तयारी आहे का, हे त्यांनाच विचारावे. जुन्या जैविक झडपेच्या आत पुढे जांघेतून दुसरी झडप बसवता येते, या आधारावर आज अनेक जण जैविक झडप निवडतात. हा आधार खरा आहे, पण पहिली झडप पुरेशा मोठ्या आकाराची असेल तरच. झडप बसवायचे कडे लहान असेल तर शल्यविशारद ते रुंद करून मोठी झडप बसवणार आहेत का, हा प्रश्न आवर्जून विचारा. वडील नियमित आणि काळजी घेणारे असतील, रक्तस्रावाचा इतिहास नसेल, तर पुन्हा छाती उघडण्याचा प्रसंग टाळण्यासाठी मी यांत्रिक झडपेकडे झुकेन; गोळीच्या कल्पनेनेच ते धास्तावत असतील तर झुकणार नाही. नकोशी वाटणारी गोळी लोक हळूहळू चुकवू लागतात आणि यांत्रिक झडपेत ती चूक फार महागात पडते.

शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी होईल. अडथळे आढळल्यास त्यांचे बायपास त्याच वेळी करता येते. दंतवैद्याकडून दात आणि हिरड्या तपासून किडलेले दात आधीच काढून घ्यावेत, कारण तोंडातील जंतू रक्तात उतरून नव्या झडपेवर बसू शकतात. ही खबरदारी पुढे आयुष्यभराची आहे. हिरड्यांतून रक्त येईल अशा कोणत्याही दंतोपचारापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा घ्यावी लागते. आणि कारण न कळणारा ताप दोन-तीन दिवस टिकला तर घरात असलेले प्रतिजैविक सुरू करू नये. प्रथम रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी, करून घ्यावे. अर्धवट औषधाने कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि झडपेचा संसर्ग आत वाढत राहतो. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, जड कामे तीन महिन्यांनी. उरलेल्या महाधमनीची सीटी किंवा एमआरआय तपासणी पुढेही ठरावीक काळाने करावी लागेल.

तुम्ही विचारले नाही, पण सांगणे आवश्यक आहे. दोन पाकळ्यांची झडप घराण्यात आढळू शकते. अशा रुग्णाच्या आईवडील, भावंडे आणि मुलांपैकी सुमारे दहांत एकाला ती असते. तुम्ही, तुमची भावंडे आणि काका-आत्या यांनी एकदा इको करून घ्यावा, आणि तो करताना झडपेबरोबर चढत्या महाधमनीचा व्यासही मोजून अहवालात लिहून द्यावा असे तपासणाऱ्यांना सांगावे.